इन्सुलिन पंप : यंत्राचा हिशेब आणि घराची जागरूकता

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा सारांश)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात धर्म, शिक्षण आणि सेवा या विषयांबरोबर आरोग्याचाही विचार व्हावा, हे उचितच आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय थोडा नवा आहे. कमरेला लावलेल्या एका लहानशा यंत्रातून शरीराला इन्सुलिन मिळते आणि त्वचेखालचा एक बारीक तंतू रात्रंदिवस साखरेचे मोजमाप करतो. अशी व्यवस्था वापरणारी मुले-मुली आता समाजातही दिसू लागली आहेत. ती काय आहे, ती सुरू करताना घरात काय घडते आणि भोवतालच्या माणसांचे कर्तव्य कोणते, याचा हा परामर्श.

मधुमेह हा शब्द घराघरांत परिचित आहे. परंतु ज्यात पंपाची गरज मुख्यत्वे भासते तो मधुमेह निराळा. उतारवयात बहुधा होणारा आणि गोळ्या, पथ्य व चालणे यांनी पुष्कळ काळ आटोक्यात राहणारा मधुमेह हा दुसरा प्रकार. पहिल्या प्रकारात स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीकडून नष्ट होतात. तो बहुतेक वेळा बालपणी किंवा तरुणपणी उद्भवतो. त्यात गोड खाण्याचा दोष नसतो आणि आईवडिलांच्या संगोपनाचाही नसतो. अशा व्यक्तीला बाहेरून इन्सुलिन घेतल्यावाचून जगता येत नाही. ते बंद करून काढे, चूर्णे किंवा नुसते पथ्य यांवर विसंबणे म्हणजे प्राणाशी खेळ होय, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे.

इन्सुलिनचा शोध कॅनडातील टोरांटो येथे १९२१ साली लागला. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉमसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले आणि मृत्युशय्येवरचा तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप या संशोधकांनी आपले स्वामित्व हक्क विद्यापीठाला नाममात्र एक-एक डॉलर घेऊन देऊन टाकले. एवढे मोठे दान देताना त्यांनी नफ्या-तोट्याचा विचार केला नाही, ही गोष्ट व्यापारी समाजाने विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या ठिकाणी अनेकांच्या मनातील एका शंकेचे निरसन आवश्यक आहे. आरंभीची साठ वर्षे इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढले जाई. पुढे १९७८ साली सूक्ष्म जिवाणूंच्या साहाय्याने मानवी इन्सुलिन प्रयोगशाळेत तयार झाले आणि १९८२ साली अमेरिकेत त्याच्या वापरास मान्यता मिळाली. आज पंपात वापरले जाणारे जलद इन्सुलिन याच पद्धतीने, जिवाणू किंवा यीस्ट यांच्याकडून तयार करून घेतात. ते प्राण्याच्या अवयवातून काढलेले नसते. अहिंसेच्या दृष्टीने ज्या घरांत संकोच होता, त्यांनी एवढी माहिती घेऊन मन निःशंक करावे.

आता पंपाकडे वळू. निरोगी शरीरात स्वादुपिंड दोन प्रकारे काम करते. दिवसरात्र थोडे थोडे इन्सुलिन झिरपत राहते आणि जेवण झाले की एकदम जास्त सुटते. पहिल्याला बेसल आणि दुसऱ्याला बोलस म्हणतात. इंजेक्शनने ही नक्कल करायची तर दिवसाला चार-पाच वेळा टोचावे लागते. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत तयार झालेला पहिला पंप पाठीवरच्या पोतडीएवढा होता. १९७८ साली लंडनच्या डॉक्टरांनी लहान पंपाने त्वचेखाली सतत इन्सुलिन देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आजचा पंप लहान मोबाईलएवढा किंवा त्याहूनही लहान असतो. त्यात साधारण १८० ते ३०० युनिट इन्सुलिन मावते. तेथून बारीक नळी पोटावर बसवलेल्या मऊ सूक्ष्म नळीपर्यंत जाते. ही जोडणी दर दोन-तीन दिवसांनी जागा पालटून नवी लावावी लागते. काही पंपांना बाहेरची नळी नसते. ते सरळ त्वचेवरच चिकटवतात.

यंत्राचा दुसरा भाग म्हणजे साखर मोजणारा सेन्सर. बोटाला टोचून घेतलेली साखर ही त्या एका क्षणाची शिल्लक असते. दुकानाच्या गल्ल्यात रात्री किती रोकड आहे एवढेच पाहिले, तर दिवसभरात काय आले आणि काय गेले ते कळत नाही; त्यासाठी रोजमेळ लागतो. सेन्सर हा साखरेचा रोजमेळ आहे. तो बहुधा दर पाच मिनिटांनी, म्हणजे दिवसाला २८८ वेळा, नोंद करतो. आकड्याशेजारी बाण दाखवतो. साखर १२० आहे एवढेच नव्हे, तर ती चढते आहे की उतरते आहे, हेही समजते. १२० वर स्थिर असलेला मुलगा निर्धास्त झोपू शकतो. १२० वरून वेगाने उतरणारा मुलगा अर्ध्या तासात संकटात येऊ शकतो. बोटाच्या तपासणीला हे दोघे सारखेच दिसतात.

या फरकाचे महत्त्व एका मोठ्या अभ्यासातून समजते. अमेरिका व कॅनडा येथे १९८३ ते १९९३ या काळात पहिल्या प्रकारच्या १,४४१ रुग्णांवर हा अभ्यास झाला. साखर काटेकोर राखणाऱ्यांमध्ये डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी, तर मूत्रपिंडाच्या विकाराचा सुमारे ५० टक्क्यांनी घटला. परंतु त्याच गटात साखर धोकादायक रीतीने खाली जाण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. एकीकडे अंधत्वाचे भय आणि दुसरीकडे बेशुद्धीचे. या दोहोंमधून सुरक्षित वाट काढण्यासाठी पंप आणि सेन्सर यांची जोडी उपयोगी पडते. २०१६ साली अमेरिकेत असा पंप मान्य झाला, जो सेन्सरचा आकडा पाहून बेसल इन्सुलिन आपोआप कमी-अधिक करतो. तरीही जेवणात किती पिष्टमय पदार्थ आहेत, हे बहुतेक यंत्रांना आजही माणसालाच सांगावे लागते.

हा हिशेब कसा होतो ते पाहा. समजा, एका तरुणाला दर १० ग्रॅम पिष्टमय पदार्थांना १ युनिट लागते आणि १ युनिटाने त्याची साखर ५० ने उतरते. ताटात ६० ग्रॅम आहेत, म्हणून ६ युनिट. जेवणाआधीची साखर २२० आणि अपेक्षित १२०, म्हणजे १०० जास्त. त्यासाठी २ युनिट. एकूण ८. परंतु मागच्या डोसापैकी १ युनिट अजून शरीरात कार्यरत आहे, तो वजा केला की राहिले ७. हे प्रमाण प्रत्येकाचे निराळे असते आणि ते डॉक्टरच ठरवतात. मात्र ताटातले ६० ग्रॅम ओळखणे हे घराचे काम आहे. मध्यम फुलक्यात साधारण १५ ते २० ग्रॅम असतात. भाताचे प्रमाण वाटी केवढी यावर ठरते. दालबाटी किंवा तूप घातलेली पुरणपोळी असेल, तर स्निग्धतेमुळे साखर उशिरा चढते आणि डोस थोडा थोडा विभागून देण्याची सोय पंपात असते. म्हणून पंपाचे शिक्षण एकट्या रुग्णाला देऊन भागत नाही. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मातेला, भगिनीला ते आधी दिले पाहिजे.

पंप लावला की सर्व चिंता मिटल्या, अशी समजूत करून घेणाऱ्या घरांची पहिल्या काही आठवड्यांतच निराशा होते. रात्री दोनला यंत्र वाजते आणि सर्व घर जागे होते. कधी मुलगा सेन्सर असलेल्या कुशीवर झोपल्यामुळेही खोटा कमी आकडा दिसतो. साखर २५० दिसली की घाबरून डोस दिला जातो आणि अर्ध्या तासात उतरली नाही म्हणून पुन्हा दुसरा. मग दोन्ही डोस एकदम काम करतात आणि साखर एकाएकी कोसळते. इन्सुलिनला काम करण्यास वेळ लागतो आणि सेन्सरचा आकडाही रक्तापेक्षा काही मिनिटे मागे असतो, हे अनुभवाने अंगवळणी पडते. एका दिवसाच्या आकड्यावरून दर बदलू नयेत. तीन-चार दिवसांचा कल पाहावा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडाच बदल करावा. दिवसाच्या ७० टक्के वेळ, म्हणजे सुमारे १७ तास, साखर ७० ते १८० च्या दरम्यान राहणे हे बहुतेकांसाठी चांगले उद्दिष्ट मानले जाते. उरलेल्या तासांसाठी मुलाला बोल लावण्याचे कारण नाही. आकडा ही माहिती आहे. ते परीक्षेतले गुण नव्हेत.

काही सावधगिरीच्या गोष्टी मात्र काटेकोर पाळाव्यात. पंपात केवळ जलद इन्सुलिन असते, शरीरात दीर्घकाळ टिकणारा साठा नसतो. नळी वाकली किंवा निघाली तर काही तासांतच कीटोन वाढून जिवावर बेतू शकते. म्हणून कारण नसताना साखर चढत राहिली, उलटी किंवा मळमळ झाली, तर कीटोन तपासावेत, पेनने इन्सुलिन द्यावे, जोडणी बदलावी आणि डॉक्टरांना कळवावे. पेन आणि सुई प्रवासातही जवळ हवीच. आकडा आणि अंगाची लक्षणे जुळत नसतील, तर बोटाची तपासणी करावी. एमआरआयच्या खोलीत पंप नेऊ नये. उन्हाळ्यात तापलेल्या मोटारीत किंवा दुचाकीच्या डिकीत इन्सुलिन ठेवू नये. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. तिला त्वरित रुग्णालयात न्यावे.

व्रत-उपवासांचा प्रश्न समाजात स्वाभाविकपणे निघतो. चौविहार करणाऱ्याचे सूर्यास्तापासून सकाळपर्यंत बारा तासांहून अधिक अंतर जाते. पंपात रात्रीचा दर निराळा ठेवता येत असल्याने ही गोष्ट पुष्कळांना पूर्वीपेक्षा सुकर होते. परंतु दोन नियम विसरू नयेत. उपवास असला तरी पहिल्या प्रकारच्या मधुमेहात बेसल इन्सुलिन पूर्ण बंद करायचे नसते. आणि साखर उतरल्यावर मध्यरात्रीही ती तोंडात घालणे हा आहार नसून औषध आहे. पच्चक्खाणात आगारांची व्यवस्था पूर्वापार आहे आणि आजारपणाचा विचार तिच्यात आहेच. व्रत घेण्यापूर्वी डॉक्टरांना आणि गुरुमहाराजांना, दोघांनाही विचारावे. पाणीही न घेता करावयाचे उपवास व दीर्घ तपश्चर्या यांबाबत तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पाऊल टाकूच नये.

शेवटी खर्चाचा विचार. पंपाची किंमत लाखांच्या घरात जाते आणि सामान्य कुटुंबाला ती पेलत नाही. उदार दाते पुढे येतात, यंत्र भेट देतात, छायाचित्र निघते. परंतु व्यापार करणाऱ्यास सांगावयास नको की, भांडवली खर्च एकदाच होतो आणि दुकान चालते ते खेळत्या भांडवलावर. सेन्सर साधारण एक-दोन आठवड्यांत संपतो, नळीची जोडणी तीन दिवसांत आणि इन्सुलिन रोज लागते. हा महिन्याचा खर्च थांबला की महागडे यंत्र कपाटात पडते आणि मूल पुन्हा सुईवर येते. म्हणून एखाद्या मुलाला पंप देण्याआधी, त्याचा मासिक खर्च पुढील काही वर्षे कोण उचलणार, याची व्यवस्था करावी. तेवढे शक्य नसेल, तर नियमित इन्सुलिन, तपासणीच्या पट्ट्या आणि शक्य तेव्हा सेन्सर एवढे दिले तरी ते मोठे दान आहे. चांगली देखभाल असेल तर इंजेक्शनवरही साखर उत्तम राखता येते, हेही ध्यानात घ्यावे.

आणि जे दान पैशांत मोजता येत नाही, ते सर्वांनाच देता येईल. आजही कित्येक घरांत मुलीचा मधुमेह लपवला जातो. शाळेत सांगत नाहीत, नात्यात सांगत नाहीत, स्थळ येईल तेव्हा तर मुळीच सांगत नाहीत. पण पंप लपवता येत नाही. तो प्रवचन चालू असताना वाजतो, लग्नाच्या पंगतीत वाजतो. यंत्राचा आवाज लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून एखादी मुलगी तो बंद करून ठेवते आणि धोका पत्करते, तेव्हा त्या धोक्यात भोवतालच्या नजरांचाही वाटा असतो.

यंत्र हिशेब ठेवील, इशाराही देईल. परंतु त्या इशाऱ्यावर वेळीच धावून जाणारी माणसे घरात आणि समाजातच असावी लागतात. म्हणून सभेत असा आवाज झाला, तर माना वळवून पाहू नये, शेजारी बसलेल्याने हळूच विचारावे, “साखर आणू का?” सूर्यास्तानंतर एखाद्या तरुणाने तोंडात साखर घातलेली दिसली, तर त्याच्या धर्मनिष्ठेविषयी शंका घेऊ नये. स्थळ पाहताना अशी मुलगी समोर आली, तर यंत्राकडे पाहण्याआधी तिच्याकडे पाहावे. रोज एवढा हिशेब न कंटाळता करणारी व्यक्ती संसारही तितक्याच दक्षतेने सांभाळील.

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल वर्षी प्रत्येक घराने एवढा संकल्प करावा, ही नम्र विनंती.