शोधयंत्रापुढील विद्यार्थी
(भोर व वेल्हे तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



पाचवीच्या वर्गास आपल्या परिसरावर प्रकल्प दिला की मूल आज ग्रंथालयाकडे वळत नाही. वळावे असे ग्रंथालय वाडीवर असते तरी कोठे? सायंकाळी वडील कामावरून परतले म्हणजे त्यांचा मोबाईल घटकाभर हाती येतो आणि 'भोर' एवढा एकच शब्द गूगलवर टाकला जातो. हिंदीत भोर म्हणजे पहाट. मग पडद्यावर पहाटेची गाणी अवतरतात आणि पंतसचिवांचे संस्थान दूरच राहते! 'राजगड' व 'रायगड' यांत एका अक्षराचा फरक. तेवढ्याने राजधानीच बदलते. त्यातच वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाल्याने तालुक्याची माहिती दोन नावांखाली विखुरली आहे.

यात मुलास दोष देणे अन्यायाचे होईल. शोधयंत्र म्हणजे गुरुजी नव्हेत. ते दिलेल्या शब्दांशी जुळणारी पाने क्रमाने मांडते. तो क्रम खरेपणाचा असतोच असे नाही. वरची काही पाने पैसे देऊन बसविलेलीही असतात. अलीकडे यंत्र स्वतःच उत्तर जुळवून अग्रभागी ठेवते. मूल ते उतरवून घेते, आणि वर्गातील साऱ्या वह्यांत एकच परिच्छेद एकाच चुकीसह उमटतो.

भाटघरच्या धरणाचे उदाहरण घ्यावे. त्याच्या बांधणीचे साल एके ठिकाणी १८९२ मिळते, दुसरीकडे १९२८. मूल गोंधळते व एक साल खोडून टाकते. वस्तुतः दोन्ही साले खरी आहेत. वेळवंडी नदीवरील पहिले धरण १८९२ मध्ये पुरे झाले. अधिक पाणी साठविण्यासाठी पुढे बांधलेले मोठे लॉईड धरण १९२८ च्या सुमारास. एका नावाखाली दोन धरणे नांदतात, हे ज्या मुलाने स्वतः हुडकले त्यास अभ्यासाची गोडी लागलीच म्हणून समजावे. अशा वेळी शिक्षकाने उत्तर सांगण्याची घाई करू नये. 'दोन साले का?' एवढे फळ्यावर लिहून चार दिवस तसेच राहू द्यावे.

मोबाईल हाती येण्यापूर्वी प्रश्न शाळेतच कागदावर लिहून घ्यावा. नुसत्या 'भोर' ऐवजी 'भोर संस्थान विलीनीकरण' हे शब्द योजल्यास मूल १९४८ सालापर्यंत लवकर पोहोचते. ज्यास टंकलेखन जमत नाही त्याने शब्द बोलून शोधावेत. मात्र यंत्राने काय ऐकले ते वाचून पाहावे. मांढरदेवीच्या घाटापलीकडे वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध झालेला मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. त्याचा पहिला खंड १९७६ चा, म्हणून आकडे जुने असू शकतात. पण नोंदीखाली लेखकाचे नाव असते, ही गोष्ट मुलांस मुद्दाम दाखवावी. धरणात ज्यांची जमीन गेली त्या घरांतील आजोबांसही विचारावे. त्यांचे सांगणे कोणत्याच पानावर नसेल.

वहीत प्रत्येक उत्तराखाली ते कोठून घेतले व कोणत्या तारखेस पाहिले, हे मुलाने लिहावे. ज्या वाडीवर मोबाईलला रेंज मिळत नाही, तेथील प्रश्नांचे कागद शिक्षकांनी केंद्रशाळेत आणावेत. तेथे ते मुलांच्याच शब्दांत शोधावेत व जे मिळेल ते, चुकलेल्या पानांसह, वाडीवर परत न्यावे.