आपल्या लेखनाचे घर : ब्लॉगप्रणाली व तिचे प्लगिन
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



व्यवस्थापक मंडळाने आम्हांस ज्या विषयावर बोलण्याची आज्ञा केली आहे, तो ऐकून काही वडीलधाऱ्या मंडळींना नवल वाटले असेल. मुळाक्षरे व पाढे शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले आणि ज्याची विद्या मॅट्रिकपाशी थांबली, त्याने संगणकाच्या आज्ञावलीविषयी काय बोलावे? परंतु सेवानिवृत्तीनंतर ज्ञातीतील तरुणांच्या सहवासात आम्ही हे शास्त्र थोडेबहुत वाचावयास शिकलो, आणि त्यात शुद्धलेखनाइतकीच शिस्त लागते हे पाहून आम्हांस आनंद झाला.

आजचा प्रश्न केवळ हौसेचा नाही. घराण्यांच्या हकिकती, दिवंगतांचे परिचय, शिष्यवृत्तीच्या नोंदी हे सर्व साहित्य आपण काही वर्षांपूर्वी एका व्यावसायिकाने रचून दिलेल्या संकेतस्थळावर ठेवले होते. त्या गृहस्थाने व्यवसाय बंद केला. आज्ञावली त्याच्याचपाशी राहिली, आणि त्या साहित्यातील पुष्कळसा भाग आज आपल्यापाशी नाही. आता आपले तरुण म्हणतात, 'आम्ही आमची स्वतःची ब्लॉगप्रणाली लिहितो.' त्यांच्या उत्साहाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. त्या उत्साहास वाट कोणती द्यावी, एवढेच सांगण्याचा आमचा हेतू आहे.

ब्लॉगप्रणाली म्हणजे काय ते प्रथम पाहू. तिची मुख्य अंगे चार. लेखकाने मजकूर लिहिण्याची जागा. शीर्षक, मजकूर व दिनांक ओळीने साठविणारे कोठार. कोठारातील मजकूर काढून वाचकापुढे मांडणारा साचा. आणि लिहिण्याचा अधिकार कोणास आहे हे ओळखणारा दरवाजा. पीएचपी नावाची संगणकभाषा व मायएसक्यूएल नावाचे कोठार यांच्या साहाय्याने कोणीही चिकाटीचा विद्यार्थी या चार अंगांचा ओबडधोबड सांगाडा महिना पंधरा दिवसांत उभा करू शकेल. त्याने तो अवश्य करावा. स्वतः गणित सोडविल्यावाचून रीत अंगी मुरत नाही, हे शिक्षकास वेगळे सांगावयास नको.

खरे कष्ट त्यापुढे सुरू होतात. कोणी दुष्ट बुद्धीने नावाच्या रकान्यात नावाऐवजी कोठारास उद्देशून आज्ञाच लिहून धाडली, तर ती ओळखून निष्प्रभ करावी लागते. पीएचपीची नवी आवृत्ती आली की जुन्या ओळी तपासाव्या लागतात. अभिप्रायांच्या रकान्यात जाहिरातींचा कचरा येतो, तो निवडावा लागतो. ही कामे कधीच संपत नाहीत. रचणारा विद्यार्थी उद्या नोकरीनिमित्त परगावी जाईल, तेव्हा ती कोणी करावयाची? आपले साहित्य एकदा गेले ते याच प्रश्नाचे उत्तर नसल्यामुळे गेले.

या संदर्भात एक अलीकडचा इतिहास मननीय आहे. मिशेल वाल्द्रिगी नामक तरुणाने २००१ साली 'बी-टू' नावाची ब्लॉगप्रणाली एकट्याने लिहिली व लोकांस विनामूल्य दिली. पुढे त्याच्याकडून तिची वाढ थांबली, आणि तिच्यावर लिहिणारे लोक चिंतेत पडले. त्यांपैकी एक, अमेरिकेतील ह्यूस्टनचा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी मॅट मुलेनवेग. जानेवारी २००३ मध्ये त्याने आपली अडचण जाहीरपणे लिहिली आणि बी-टूच्याच पायावर पुढे काम करण्याचा विचार बोलून दाखविला. इंग्लंडमधील माइक लिटल नावाच्या अनुभवी गृहस्थांनी ते वाचून मदत देऊ केली. २७ मे २००३ रोजी त्यांची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली, तिचे नाव वर्डप्रेस. आज जगातील संकेतस्थळांपैकी ४० टक्क्यांहून अधिक याच प्रणालीवर चालतात.

आता विचार करा. मूळ कर्त्याचा हात थांबला असताही हे काम वाचले ते कशामुळे? वाल्द्रिगीने आपली प्रणाली जीपीएल नावाच्या परवान्याखाली दिली होती. आज्ञावली कोणीही वाचावी, बदलावी व इतरांस द्यावी, मात्र पुढे देताना हीच मोकळीक पुढच्यासही द्यावी, असा त्या परवान्याचा आशय आहे. म्हणून त्या दोघांस पहिल्या विटेपासून आरंभ करावा लागला नाही. वर्षभराने, मे २००४ मध्ये, 'मूव्हेबल टाइप' या त्या काळच्या प्रसिद्ध प्रणालीच्या चालकांनी नव्या आवृत्तीसाठी परवान्याच्या अटी बदलल्या. तो त्यांचा अधिकारच होता. परंतु अनेक लेखक त्यामुळे वर्डप्रेसकडे वळले. दुसऱ्याच्या जागेत राहणाऱ्याने भाडेचिठ्ठी नीट वाचावी, हा व्यवहार येथेही लागू आहे. याहू कंपनीने ऑक्टोबर २००९ मध्ये 'जिओसिटीज' ही सेवा अमेरिकेत बंद केली, तेव्हा हौशी लोकांनी वर्षानुवर्षे रचलेली असंख्य पाने मूळ जागेवरून नाहीशी झाली.

आता प्लगिनकडे वळू. मे २००४ मध्येच वर्डप्रेसच्या १.२ या आवृत्तीत प्लगिनची सोय झाली. जुन्या वाड्यात भिंत बांधतानाच तीत खुंट्या बसवीत. पुढे कोणी पागोटे अडकवी, कोणी कंदील. त्यासाठी भिंत फोडावी लागत नसे. प्रणालीच्या कर्त्यांनी ठिकठिकाणी तशाच खुंट्या ठेवल्या आहेत. मजकूर कोठारातून निघून वाचकापुढे जाण्यापूर्वी अशा एका खुंटीपाशी क्षणभर थांबतो. तेथे आपली छोटी आज्ञावली अडकविली की तो मजकूर तिच्या हातून जातो. आरंभी नाव लिहिलेली एकच फाइल प्लगिनांसाठी राखलेल्या कप्प्यात ठेवून ती चालू केली की प्लगिन कामास लागते.

एक उदाहरण घेऊ. पुष्कळ लेखक मराठी मजकुरात इंग्रजी आकडे टाकतात. आपणांस ते देवनागरीत दिसावयास हवेत. शून्यापासून नवापर्यंतचे दहा आकडे बदलणारे प्लगिन थोड्याच ओळींत होते. परंतु येथेच विद्यार्थ्याची परीक्षा आहे. मजकुराच्या पोटात छायाचित्रांची नावे व दुव्यांचे पत्तेही असतात. तेथील आकडे बदलले की छायाचित्र दिसत नाही व दुवा तुटतो. म्हणून खुणांच्या कंसातील भाग वगळून केवळ वाचकास दिसणारे आकडे बदलावे लागतात. या रीतीत कोठारातील मूळ मजकुरास धक्का लागत नाही. प्लगिन बंद करताच आकडे पूर्ववत् दिसतात. हेच काम कोणी मूळ प्रणालीच्या फायलींत ढवळाढवळ करून केले, तर नवी आवृत्ती बसविताच त्याचे श्रम पुसले जातील.

तेव्हा तरुण मित्रांना आमचे सांगणे असे. शिकण्यासाठी स्वतःची प्रणाली अवश्य लिहा. ती मोडा, पुन्हा लिहा. परंतु ज्ञातीचे साहित्य तिच्यावर ठेवू नका. त्यासाठी अनेकांनी पारखलेला, खुल्या परवान्याचा पाया घ्या आणि आपली विशेष गरज तेवढी प्लगिनने भागवा. वंशावळीची मांडणी, तिथीप्रमाणे पुण्यतिथींची सूचना, गावांनुसार घराण्यांची सूची ही कामे परका कोणी आपल्यासाठी करणार नाही. ती आपणच केली पाहिजेत. लिहाल ते खुल्या परवान्याखाली द्या, म्हणजे इतर संस्थांसही त्याचा लाभ होईल व त्यांनी केलेल्या सुधारणा तुम्हांसही मिळतील.

वडीलधाऱ्या मंडळींसही एक विनंती आहे. संस्थेने या कामावर एकाऐवजी दोघे नेमावेत. परवलीचे शब्द मोहोरबंद पाकिटात चिटणिसांपाशी असावेत. सर्व साहित्याची प्रत दरमहा काढून निराळ्या जागी ठेवावी, आणि वर्षातून एकदा त्या प्रतीवरून सर्व काही पुन्हा उभे राहते की नाही हे प्रत्यक्ष पाहावे. प्रत्येक प्लगिनबरोबर ते काय करते व कसे करते याचे साध्या मराठीत टिपण असावे. ज्याचे टिपण नाही, ते काम अपुरे समजावे.

शाळेत एक शिक्षक बदलून गेला की दुसरा येतो आणि हजेरीपट व टाचणवही पाहून दुसऱ्या दिवशी वर्ग पुढे चालू ठेवतो. आपल्या तरुणांच्या हातून असेच पुढे चालविता येईल असे काम व्हावे, आणि जे साहित्य अजून घरोघरी वह्यांतून उरले आहे ते या वर्षी तरी नीट जपले जावे, अशी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.