भिंतीवरचे शिंग आणि धम्मचक्राजवळचे हरीण

(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



विहारात शिकारीचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. अहो, विषय आपल्या घरांच्या भिंतींचा आहे. आष्टी-पाटोद्याच्या माळावर काळवीट आणि चिंकारा पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. जुन्या वाड्यांच्या भिंतींवर, लाकडी पाटीवर ठोकलेली त्यांची शिंगेही राहिली. ते शिंग तिथे कसे आले आणि आज त्याचे काय करायचे, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

आधी शिंग ओळखू या. चितळ आणि सांबर यांची शिंगे फाटे असलेली, भरीव हाडाची. ती दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळविटाचे तसे नाही. त्याचे पिळदार शिंग म्हणजे आतल्या हाडावर चढलेले पोकळ कवच. नखे ज्या द्रव्याची, तेच हे द्रव्य. ते एकदा आले की जन्मभर वाढते, गळत नाही. चिंकाऱ्याचेही असेच. म्हणून कुणी काळविटाचे शिंग दाखवून "माळावर गळालेलं सापडलं" म्हणाला, तर समजावे की ही थाप आहे. जिथे काळविटाचे शिंग आहे, तिथे एक काळवीट मेलेला आहे.

मग ते मिरवायचे कशासाठी? पूर्वी शिकार ही सत्तेची खूण होती. आष्टी तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानिक आणि जहागीरदार यांना शिकार म्हणजे मानाचा खेळ वाटे. तिकडे कोल्हापूर संस्थानात तर काळविटांवर सोडायला शिकवलेले चित्ते पाळत. राजाने दिवाणखान्यात शिंगे लावली, म्हणून सरदाराने लावली. सरदाराने लावली, म्हणून पाटलाने लावली. पुढे जीप आली, दिव्याच्या झोतात दिपून उभे राहिलेले जनावर बंदुकीने पाडायचे आणि त्यालाच मर्दुमकी म्हणायचे! यात शौर्य ते कोणते?

आणि दुसरी बाजू बघा. पोटासाठी फास लावणाऱ्या पारध्याला इंग्रजी राजवटीने १८७१ च्या कायद्याखाली जन्मतःच गुन्हेगार ठरवण्याची सोय करून ठेवली. तो कलंक कागदावरून पुसला जायला १९५२ साल उजाडले. तेच हरीण वाड्याच्या भिंतीवर गेले की प्रतिष्ठा आणि पालात शिजले की गुन्हा, हा न्याय कोणता? आज कायदा सर्वांना सारखा आहे, आणि फास लावणेही बंदच. पण गावात हरीण मेले की पहिला संशय पालावर आणि वाड्यावरच्या शिंगांना मात्र नमस्कार, ही वृत्ती आपण ओळखली पाहिजे. विषमता अशीही भिंतीवर टांगलेली असते.

सम्राट अशोकाने ही गोष्ट बावीसशे वर्षांपूर्वी मोडली. पहिल्या शिलालेखात तो म्हणतो की पूर्वी पाकशाळेसाठी असंख्य प्राणी मारले जात, आता रोज दोन मोर आणि एक हरीण, आणि तेही पुढे मारले जाणार नाहीत. आठव्या शिलालेखात तो सांगतो की पूर्वीचे राजे 'विहारयात्रा' करीत, त्यात शिकार असे. आपण ते सोडून धम्मयात्रा सुरू केली. म्हणजे विहार हा शब्द राजांच्या मौजेशी, शिकारीशी जोडलेला होता आणि आज आपण याच शब्दाच्या छपराखाली बसलो आहोत! याच आठव्या लेखाचा एक तुकडा आपल्या महाराष्ट्रात, सोपाऱ्याला १८८२ मध्ये सापडला. तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. मुंबईला गेल्यावर मुलांना जरूर दाखवा.

आता कायद्याचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट आणि चिंकारा यांची शिकार गुन्हा आहे. दोन्ही प्राणी पहिल्या अनुसूचीत असल्याने शिक्षा किमान ३ वर्षे आणि कमाल ७ वर्षे कैद, शिवाय २०२२ च्या दुरुस्तीनुसार किमान २५ हजार रुपये दंड. काळविटाच्या १९९८ मधल्या शिकारीबद्दल एका बड्या सिनेनटाला २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने ५ वर्षांची शिक्षा सुनावली, हे आपण वाचलेच आहे. त्या गोष्टीचा पाठपुरावा केला तो गावच्या बिश्नोई लोकांनी, हे विसरू नका.

नुसती शिकारच नाही. मालकीच्या दाखल्याशिवाय शिंग घरात ठेवणे हाही गुन्हा आहे. दाखला असला तरी ते विकता येत नाही. तेव्हा आजोबांच्या वेळचे शिंग असेल तर आधी कागद शोधा. कागद नसेल तर ते लपवू नका, कुणाला देऊ नका. जाणत्या वकिलाला विचारा आणि वन खात्याला कळवा. छातीत कफ झाला म्हणून सांबरशिंग उगाळून लावणाऱ्या आयाबायांना एवढेच सांगणे, की दवाखान्यात जा.

शेतकरी बांधव म्हणतील, "तुमचं बरोबर, पण कळप आमचा हरभरा खातोय त्याचं काय?" प्रश्न खरा आहे. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई शासन देते. नुकसान दिसताच वनरक्षकाला लेखी कळवावे, पंचनामा करून घ्यावा. अर्ज लिहिता येत नसेल तर विहारातली शिकलेली पोरे कशासाठी आहेत? हे काम त्यांनी अंगावर घ्यावे. शेतकऱ्याला एकटे टाकून हरीण वाचणार नाही.

शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीला १९८० पासून काळविटांचे अभयारण्य आहे, अवघे २.१७ चौरस किलोमीटर. पाटोदा तालुक्यात नायगावला १९९४ पासून मोरांचे अभयारण्य आहे. अशोकाच्या लेखातले मोर आणि हरीण, दोघेही आपल्या शेजारी जिवंत आहेत. पण कळपाला अभयारण्याची हद्द कळत नाही. तो आपल्या शिवारात येणार, आणि तिथे त्याला अभय द्यायचे की नाही, हे आपल्याच हातात आहे.

बंधूंनो, भिंतीवर हरीण लावण्याच्या दोन रीती आहेत. एक वाड्यातली, मेलेल्याचे मुंडके लावण्याची. दुसरी आपल्या मराठवाड्यातल्या अजिंठ्याची. तिथे पहिल्या लेण्यात बुद्धमूर्तीच्या आसनाखाली धम्मचक्र आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हरणे बसलेली आहेत, सारनाथच्या मृगदावाची आठवण म्हणून. माणसाजवळ बसली आहेत, पण पळत नाहीत. आपल्या घरात कोणते हरीण शोभेल, ते आपण ठरवू या.

जयभीम! नमो बुद्धाय!