सतरा सप्टेंबरचा अपुरा हिशेब



१७ सप्टेंबर हा परभणी जिल्ह्यात ध्वजवंदनाचा आणि हुतात्मा-स्मरणाचा दिवस. १९४८ साली याच दिवशी निजामाने हार पत्करली आणि मराठवाडा संस्थानी जोखडातून मुक्त झाला. अमेरिकेच्या इतिहासातही ही तारीख पुन्हा पुन्हा येते. तारखा जुळणे हा योगायोगच. त्यातून इतिहासाचा नियम निघत नाही. परंतु दोन समाजांचे अनुभव शेजारी ठेवले, की मुक्ती कोठे अडते ते दिसू लागते.

१७ सप्टेंबर १७८७ रोजी फिलाडेल्फिया येथे ३९ प्रतिनिधींनी अमेरिकेच्या राज्यघटनेवर सह्या केल्या. घटना लोकांच्या नावाने सुरू झाली. पण प्रतिनिधित्व ठरविताना गुलामांची संख्या तीनपंचमांशच धरली गेली, आणि १८०८ पूर्वी गुलामांची आयात बंद करण्यास काँग्रेसला मनाई झाली. गुलाम हा शब्द मात्र त्या मसुद्यात कटाक्षाने टाळलेला होता. अन्यायाला नाव न देणे ही सत्ताधाऱ्यांची जुनी युक्ती आहे.

बरोबर ७५ वर्षांनी, १७ सप्टेंबर १८६२ रोजी, अँटिटमच्या रणभूमीवर एका दिवसात सुमारे २३,००० सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. पाचच दिवसांनी लिंकनने बंडखोर राज्यांतील गुलामांच्या मुक्तीची पूर्वघोषणा केली. १८६५ मध्ये गुलामगिरी घटनेनेच रद्द झाली. पण मुक्त झालेल्यांपैकी बहुतेकांच्या हाती जमीन आली नाही. जुन्याच मालकांची शेते ते बटाईने कसू लागले. बेडी तुटली, कर्जाची दोरी राहिली. १७ सप्टेंबर २०११ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटजवळ तरुणांनी ठिय्या दिला, तेव्हाही प्रश्न हाच होता: राज्य लोकांचे, तर संपत्ती मूठभरांची का?

मराठवाड्याचा अनुभव याहून फार वेगळा नाही. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील लढा केवळ निजामाविरुद्ध नव्हता. तो सरंजामशाहीविरुद्धही होता. म्हणूनच १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या आणि १९५० साली कूळकायदा आला. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात सामील झाला. तरीही गंगाखेड, सोनपेठच्या वाड्यातांड्यांवरील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. जमिनीचा आणि पाण्याचा प्रश्न ध्वजवंदनाने सुटत नाही.

आणखी एक गोष्ट उच्चारली पाहिजे. रझाकारांनी गावे जाळली, माणसे मारली. त्या बळींचे स्मरण होते आणि ते व्हावेच. पण पोलीस कारवाईच्या काळात व त्यानंतर निरपराध मुसलमानांचीही कत्तल झाली. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानातील मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत नांदेड आणि तेव्हाचा उस्मानाबाद होता. हा अहवाल दीर्घकाळ दडून राहिला. निजामाची सत्ता आणि निजामाच्या राज्यातील गरीब मुसलमान विणकर वा शेतमजूर यांत फरक न करणारा माणूस मुक्तिसंग्रामाचा वारसा सांगू शकत नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी या दिवशी ध्वज उतरेपर्यंत थांबू नये. गावात कोण भूमिहीन आहे, कोणाचे कूळहक्क बुडाले, कोणाची मुले उसाच्या फडावर जातात, याची नोंद त्याच दिवशी करावी आणि ती तहसील कचेरीत नेऊन द्यावी. १७८७ च्या घटनेत जे नाव टाळले गेले, ते उच्चारायला अमेरिकेला ७८ वर्षे लागली. येथे तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही.