किल्ली शेजारच्या फळीवर



आज मी एका परक्या माणसाच्या रोजनिशीविषयी बोलणार आहे. आपल्या आजे-पणजांनी बोटीवर रोजनिशी लिहिली असती, तर तीच हातात घेऊन उभा राहिलो असतो.

१६६१ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या लग्नाचा करार झाला. पोर्तुगालकडून त्याला आंदणात मुंबई मिळाली आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे टँजिअरही. मुंबई त्याने १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. त्याच बंदरातून कितीतरी वर्षांनी आपली कोकणची आणि घाटावरची माणसे मॉरिशसच्या बोटीत चढली. टँजिअरचा खर्च मात्र राजाला झेपेना. १६८३ मध्ये ते पाडून सोडून देण्यासाठी आरमार निघाले. त्यावर सॅम्युअल पीप्स नावाचा अधिकारी होता. आपण कशासाठी चाललो आहोत, हे त्याला लंडन सोडताना कोणी सांगितले नव्हते. (आपल्या माणसांना यात काही नवल वाटले नसते.)

या प्रवासाची रोजनिशी त्याने लघुलिपीत लिहिली. तिथल्या गव्हर्नरच्या क्रूरपणाविषयी त्याने तीत मोकळेपणाने लिहिले.

त्याची आधीची मोठी रोजनिशी त्याच लिपीत होती. ती केंब्रिजच्या एका कॉलेजात पडून होती. १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा गरीब विद्यार्थी ती उलगडायला बसला आणि तीन वर्षे खपला. त्या लिपीची किल्ली सांगणारे पुस्तक त्याच ग्रंथालयात होते, पण त्याला ते कोणी दाखवले नाही! टँजिअरची रोजनिशीही पुढे त्यानेच वाचली. ती १८४१ मध्ये छापली गेली.

हे ऐकून माझ्या पोटात कालवते. आमच्या आजीच्या पत्र्याच्या पेटीत फडक्यात बांधलेले चार कागद होते. अक्षर वाकडेतिकडे, एकाला एक जोडलेले. आजी गेल्यावर घर आवरताना आम्ही भावांनी ते पाहिले. कोणाला अक्षर लागेना. कुठल्या तरी दुकानाचा हिशेब असेल म्हणून बाहेरच्या चुलीत घातले. ती मोडी होती, हे मला पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकातले चित्र पाहून कळले. मुलुखातून आलेले पत्र होते, की गावच्या जमिनीचा कागद, ते आता कोण सांगणार?

मोडी वाचणारी माणसे महाराष्ट्रात आजही आहेत. तुमच्या घरी असा कागद असेल, तर तो घडी न उलगडता, आहे तसा मंडळात आणून द्या. मी दर रविवारी सकाळी बैठकेत असतो.