औट्रमचे नाव घाटाला, भिल्लांचे नाव कोठे?

(पडेगाव येथे शिक्षक व पालक यांच्या सभेत एका खेड्यातील शाळामास्तराने केलेले भाषण)



मी खेड्यातला मास्तर. अकरावी-बारावीच्या अभ्यासात याने नाक का खुपसावे, असे कोणी म्हणेल. पण आमच्या हाताखालून गेलेली पोरेच पुढे तुमच्या वर्गात बसतात आणि सुट्टीत गावी आली की तिथे काय शिकली ते मला सांगतात. तेवढ्या हक्काने बोलतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भिलाटीतला एक पोर घरी आला. अकरावीला आहे, विषय इतिहास. म्हणाला, "गुरुजी, कन्नडच्या पुढे चाळीसगावला उतरताना औट्रम घाट लागतो. तो औट्रम कोण?" त्या घाटातून मी लग्नाकार्याला किती वेळा गेलो असेन! रस्ताही याच पडेगावावरून, वेरूळवरून जातो. पण मला सांगता येईना. अध्यापक विद्यालयात दोन वर्षे काढली, इतिहास कसा शिकवावा याची टिपणे पाठ केली; समोरच्या डोंगराचा इतिहास मात्र कोणी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. त्या दिवशी पोरापुढे मान खाली गेली.

मग शोध केला. 1818 साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. सातमाळ्याच्या आणि सातपुड्याच्या घाटांवर भिल्ल नाईकांची राखण असे. वाटेचा कर आणि गावाकडून जागल्याचा हक्क यांवर त्यांचे पोट चाले. 1803-04 च्या दुष्काळाने व लुटालुटीने मुलूख आधीच उजाड झाला होता. त्यात हे हक्क तुटले, तेव्हा डोंगर पेटला. इंग्रजांनी फौजा घातल्या, पण डोंगर आटोक्यात येईना. अखेर 1825 च्या सुमारास भिल्लांसाठी तीन एजंट नेमले. त्यांतल्या एकाचे ठाणे आपल्या कन्नडला होते. औट्रम हा त्याच काळचा अंमलदार. त्याने धरणगावी भिल्लांचीच पलटण उभी केली. म्हणजे भिल्लाला धरायला भिल्लच पाठवायचा! युक्ती चालली आणि साहेबाचे नाव घाटाला लागले. ज्या नाईकांनी तो घाट पिढ्यान्‌पिढ्या राखला, त्यांच्यातला एक तरी आपल्याला नावाने ठाऊक आहे काय?

पुढे 1857 साली खाजा नाईक उठला. हा सेंधव्याच्या घाटवाटेची राखण करणारा, इंग्रजांच्याच चाकरीतला माणूस. 1858 च्या एप्रिलात अंबापाणीला लढाई झाली. त्याच वेळी भिल्ल पलटण इंग्रजांच्या बाजूने उभी होती. हे दोन्ही पोरांना सांगितले पाहिजे. जो इतिहास नुसते पोवाडे गातो आणि अडचणीचे लपवतो, तो भटांनी लिहिला काय आणि आपण लिहिला काय, सारखाच.

आता मराठवाड्याचे पाहा. दर 17 सप्टेंबरला आपण मुक्तिदिन करतो, पोरे भाषणे ठोकतात. त्याच निजामी राज्यात, आदिलाबादेच्या रानात, कुमराम भीम हा गोंड पुढारी जंगल-जमिनीच्या हक्कासाठी लढला आणि 1940 साली जोडेघाटला मारला गेला. आजचा आपला किनवट तालुका 1956 पर्यंत त्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. म्हणजे हा काही परमुलखातला माणूस नव्हे. त्या बंडानंतर निजाम सरकारने हैमेंडॉर्फ नावाच्या मानववंशाच्या अभ्यासकाला गोंडांत पाठवले. 1943 साली मारलवाईला गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले आणि गोंडी भाषेची वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. निजामाला बंडाच्या धाकाने सुचले, ते आम्हाला स्वराज्यात सुचायला किती उशीर!

संस्कृती म्हटली की आमच्या शाळांना गॅदरिंग आठवते. पोरांच्या कमरेला पाला, डोक्याला पिसे, तोंडाला काळे, आणि काहीतरी हुर्र हुर्र ओरडत नाच. त्या वर्गात बसलेल्या भिल्ल, गोंड, आंध पोराला काय वाटत असेल? हॉटेलाच्या भिंतीवर वारली चित्रे काढून घ्यायची. पण लग्नाचा चौक वारल्यांच्या सवाशिणी का लिहितात आणि जिव्या सोमा मशे कोण होते, हे कोणाला विचारायचे नाही.

आता थोडे कडू बोलतो, राग मानू नये. जोतीरावांनी 1869 साली शिवरायांचा पवाडा लिहिला, तेव्हापासून आपण बहुजन म्हणत आलो की आमचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला, आमच्या हाती लेखणी द्या. खरेच आहे. पण गावात चोरी झाली की पहिला दगड भिलाटीवर कोण टाकतो? तिथे भटजी नसतो, आपणच असतो. सावकारीत गेलेल्या त्यांच्या जमिनी आज कोणाच्या सातबाऱ्यावर आहेत, तेही ज्याने त्याने घरी जाऊन पाहावे.

कोणी म्हणेल, याला मार्क किती? मार्क आहेत. बारावीच्या इतिहासाला लेखी 80 आणि बाकीचे 20 वर्गातल्या कामाचे, प्रकल्पाचे. ते 20 मार्क आज दुकानातली आयती वही उतरवून मिळतात. तेच काम भिलाटीत, तांड्यावर, पारधी वस्तीवर जाऊन करा. नाव पोरांनीच शोधावे, गोष्ट म्हाताऱ्यांनी सांगावी, आणि ती कागदपत्राशी ताडून पाहावी. म्हातारी सांगेल ते सारेच खरे नसते. गॅझेटियर लिहिणारा साहेब सांगेल तेही नसते. पुण्यात 1962 पासून सरकारची आदिवासी संशोधन संस्था आहे, तिच्याकडे सहल काढा. कानडा देशाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 2023-24 पासून मूलनिवासी लोकांविषयीचा अभ्यास केल्यावाचून शाळेचे शेवटचे प्रमाणपत्रच मिळत नाही. गोऱ्याच्या पोरालाही नाही. आपल्या महाराष्ट्रात 2011 च्या खानेसुमारीप्रमाणे एक कोटी पाच लाख आदिवासी आहेत. आम्हाला निदान 20 मार्कांपुरते तरी जमावे!

आणि हा अभ्यास आदिवासी पोरांपुरताच ठेवू नका. भिल्लाच्या पोराला घरी थोडेफार ठाऊक असते. ठाऊक नसते ते पाटलाच्या पोराला.

त्या पोराने आपली वही सुरू केली आहे. आजीच्या माहेरच्या डोंगरातल्या वाटा, पाणवठे, देवाच्या जागा आणि त्यांची भिली नावे त्याने उतरून घेतली आहेत. अकरा पाने झाली. मी ती सोबत आणली आहे. सभा उठल्यावर टेबलावर ठेवतो. ज्यांना पाहायची त्यांनी पाहावी, पण हात धुऊन. ती परत द्यायची आहे.