कार्बोरेटरची झिजलेली दांडी

जुनी मोटार चौकांत थांबली कीं तिचें इंजिन अडखळतें, कधीं बंद पडतें, तर कधीं विनाकारण वेगानें फिरूं लागतें. मालक प्लग बदलतो, पेट्रोलांत भेसळ असल्याची शंका घेतो आणि शेवटीं स्क्रू फिरवून मिश्रणांत पेट्रोल वाढवितो. खरा दोष पुष्कळदां बोटाहूनही बारीक अशा एका दांडींत असतो.

वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत फियाट ११०० जातीच्या गाड्या तयार होत. त्याच वंशांतील गाडी १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नांवानें ओळखली जाऊं लागली. २००० सालाच्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीनेंही निरोप घेतला. तरी कांहीं घरांच्या दारांत ती गाडी अद्याप उभी आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनीं नवी करावी लागते. त्या वेळीं गाडीची तपासणी होते आणि धुराचें प्रमाणपत्रही लागतें. म्हणून इंजिनाचें अडखळणें ही केवळ गैरसोय राहत नाहीं. गाडी ठेवावी कीं भंगारांत द्यावी, हा प्रश्न त्यावर येऊन ठेपतो.

पद्मिनीच्या १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनावर सोलेक्स जातीचा कार्बोरेटर असतो. त्यांतून खालीं ओढली जाणारी हवा पेट्रोलचे सूक्ष्म कण घेऊन इंजिनांत जाते. त्या वाटेवर एक वाटोळी झडप असते. ती ज्या दांडीवर बसविलेली असते, तिला कारागीर स्पिंडल म्हणतात. स्प्रिंगची आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या सळईची ओढ नेहमीं ठरलेल्या दिशेनें असल्यामुळें दांडी एका अंगानें घासते आणि तिचीं भोकें लांबट होतात. झडप मिटलेली असतां तिच्याखालीं हवेचा दाब फार उतरलेला असतो. त्यामुळें झिजलेल्या फटींतून बाहेरची हवा आंत शिरते. जेटचें माप ठरवितांना ही हवा हिशेबांत धरलेली नसते. पेट्रोल वाढवून हा दोष झांकतां येतो. पण दांडी हलली कीं फटही बदलते, आणि जुळविलेलें मिश्रण पुन्हां बिघडतें.

परीक्षा सोपी आहे. प्रथम कार्बोरेटरच्या पायाखालचें गॅस्केट नीट आहे कीं नाहीं, तें पाहावें. मग इंजिन मंद फिरत असतां दांडीच्या दोन्ही टोंकांभोंवतीं जाड ग्रीज लावावें. इंजिन तात्पुरतें स्थिर झालें, तर हवा तेथूनच शिरत होती असें समजावें. पेट्रोल शिंपडून ही परीक्षा करूं नये. तापलेल्या इंजिनावर आग लागण्याचा धोका असतो.

कार्बोरेटर उतरविण्यापूर्वीं बॅटरीची तार सोडावी आणि जवळ ज्योत असूं देऊं नये. झडपेची बाजू व दिशा खूण करून ठेवावी, कारण तिच्या कडा तिरप्या घासलेल्या असतात. तिच्या स्क्रूंचीं टोंकें ठोकून पसरविलेलीं असतात. तीं कानशीनें घासल्याशिवाय स्क्रू फिरवूं नयेत, नाहीं तर आटे जातात. दांडी निघाली कीं मायक्रोमीटरनें ती दोन ठिकाणीं मोजावी: भोकांत फिरते तेथें, आणि जेथें तिला घर्षण होत नाहीं तेथें. मापांत फरक पडला तर दांडी झिजली आहे. मूळ मापाची नवी दांडी घालूनही ती डुगडुगत असेल, तर भोकें गेलीं आहेत. तेव्हां नुसती दांडी बदलणें म्हणजे पैसे खर्चून दोष जागच्या जागीं ठेवणें होय.

भोकें रीमरनें मोठीं करून जाड दांडी घालणें, किंवा त्यांत ब्राँझचे बुश बसविणें, असे दोन उपाय आहेत. दोन्ही भोकें एकाच सरळ रेषेंत आलीं पाहिजेत. हातांतील ड्रिलनें तीं वेगवेगळीं केलीं, तर दांडी आवळते आणि कार्बोरेटरचें अंगही वाया जातें. हें काम टर्नरवर सोंपवावें. मीरा-भाईंदरमधील हाटकेशच्या रहिवाशास त्यासाठीं दूर शोध घ्यावा लागूं नये. तेथील उद्योगनगरांत लहान कारखान्यांचे गाळे आहेत. कारागिरास कार्बोरेटरचें अंग, दांडी आणि कागदावर लिहिलेलीं मापें द्यावींत. ‘घट्ट बसवा’ एवढी तोंडी सूचना पुरत नाहीं. दांडी ८ मिलिमीटरची असली, तर मिलिमीटरच्या तीन-चार शतांशांची मोकळीक पुरेशी होते. बुशचें टोंक हवेच्या वाटेंत येणार नाहीं, हेंही बजावावें.

जोडणी पुन्हां घरीं करावी. स्क्रू सैल ठेवून झडप दोन-तीनदां मिटविली कीं ती आपोआप मध्यावर येते. उजेडासमोर धरून तिच्या कडेची फट पारखावी. मग नवे स्क्रू आवळून, दांडीस खालून आधार देऊन, त्यांचीं टोंकें पसरवावींत. सुटलेला स्क्रू इंजिनांत ओढला जातो. झडप कोठूनही सोडली तरी स्प्रिंगनें ती खटकन् मिटली पाहिजे. ती अडकत असेल तर पाय काढल्यावरही गाडी धांवत राहील. अशी गाडी रस्त्यावर नेऊंच नये.

शेवटीं इंजिन तापवून मिश्रण नव्यानें जुळवावें आणि पूर्वीं वाढविलेलें पेट्रोल कमी करावें. पद्मिनी आतां कुर्ल्यास तयार होत नाहीं. घाईनें बिघडविलेलें अंग सहजासहजीं बदलून मिळणार नाहीं. ज्या श्रोत्यांच्या घरीं ती गाडी असेल, त्यांनीं हत्यार उचलण्यापूर्वीं मोजमाप करावें.